सर्वश्रेष्ठ मारा कोणाचा? जुन्या मालिका पाहण्यासाठी सल्ला हवा

प्रश्न
१९८० च्या दशकातील वेस्ट इंडिजचा वेगवान मारा श्रेष्ठ, की मॅग्रा-वॉर्न यांच्या ऑस्ट्रेलियाचा, यावर माझा आणि धाकट्या भावाचा वाद चालू आहे. नुसते बळींचे आकडे मांडून तो मिटत नाही. कोणत्या मालिका पाहाव्यात आणि पाहताना नेमके काय तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १
दोन्ही संघांचे भारत दौरे आधी पाहा, कारण संथ खेळपट्टीवर बळी मिळवताना गोलंदाजाचे खरे कसब उघडे पडते. १९८३-८४ मध्ये वेस्ट इंडिजने भारतात सहा कसोटींची मालिका ३-० अशी जिंकली आणि त्यांचे वेगवान गोलंदाज मार्शल यांनी एकट्याने ३३ बळी टिपले. कानपूरला त्यांच्या उसळत्या चेंडूच्या जोराने गावसकरांच्या हातातून बॅट निसटली, तो क्षण तर अवश्य पाहा. इतक्या तंत्रशुद्ध सलामीवीराची ही अवस्था होत असेल, तर इतरांचे काय झाले असेल याची कल्पना येते. मार्शल यांची कसोटी सरासरी (दर बळीमागे दिलेल्या धावा; जितकी कमी तितकी चांगली) २०.९४ आणि त्यांचे जोडीदार गार्नर यांची २०.९७ आहे. एक जण थांबला की तितकाच भेदक दुसरा चेंडू हाती घेई, त्यामुळे फलंदाजाला उसंत मिळत नसे. १९८० ते १९९५ या काळात या संघाने एकही कसोटी मालिका गमावली नाही, त्याचे मूळ मला इथेच दिसते.

उत्तर २
माझे मत ऑस्ट्रेलियाला. वेस्ट इंडिजकडे दर्जेदार फिरकीपटू नव्हता आणि ही उणीव सिडनीत दोनदा भोवली: १९८५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या लेगस्पिनर हॉलंड यांनी दहा, तर १९८९ मध्ये कामचलाऊ फिरकी टाकणाऱ्या बॉर्डर यांनी अकरा बळी घेऊन त्यांना हरवले. ऑस्ट्रेलियाकडे वॉर्न होते. तरीही २००४ ची भारतातील मालिका पाहा, कारण ती २-१ अशी जिंकून देण्यात मोठा वाटा वेगवान गोलंदाजांचा होता. २००१ मध्ये कोलकात्यात भारताला फॉलोऑन (लगेच दुसऱ्यांदा फलंदाजी) देऊनही लक्ष्मण यांच्या २८१ धावांपुढे सामना गमावलेला हा संघ या वेळी स्लिपमधली गर्दी कमी करून, सीमारेषेवर क्षेत्ररक्षक ठेवून यष्टींच्या रोखाने मारा करत राहिला आणि गिलेस्पी यांनी चार कसोटींत २० बळी मिळवले. चुकीतून शिकणारा मारा मला अधिक मोलाचा वाटतो.

उत्तर १
उत्तर २ मधला फिरकीचा मुद्दा मान्य आहे, मात्र सिडनीतील पराभव होऊनही त्या दोन्ही मालिका वेस्ट इंडिजनेच जिंकल्या होत्या. प्रश्नकर्त्यांनी १९८४ ची इंग्लंडविरुद्धची हेडिंग्ले कसोटी यादीत जरूर घ्यावी. डाव्या हाताचा अंगठा मोडलेला असताना मार्शल एका हाताने फलंदाजी करून गेले आणि मग त्याच हाताला प्लास्टर असताना, वेग थोडा कमी ठेवून, स्विंगच्या बळावर त्यांनी ५३ धावांत ७ बळी घेतले. बदललेल्या परिस्थितीशी जुळवून घेण्याची ताकद त्या माऱ्यातही किती होती, हे त्या एका डावात दिसते.