जिल्ह्याजिल्ह्यात जिनोम सिक्वेन्सिंग: गरज की चुकीचा प्राधान्यक्रम?

रानजाई
२४ मार्च २०२१ ची केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची कोरोनावरची प्रेस नोट मी अजून जपून ठेवली आहे. ई४८४क्यू आणि एल४५२आर ही म्युटेशन्स, म्हणजे विषाणूच्या जनुकांतले बदल, महाराष्ट्रातल्या १५ ते २० टक्के नमुन्यांत वाढलेली दिसतात, असं तिच्यात होतं. त्याच घराण्यातून पुढे डेल्टा हा कोरोनाचा प्रकार आला. या घराण्याचे सर्वांत जुने नमुने ऑक्टोबर २०२० चे, अमरावतीत रुग्ण वाढले फेब्रुवारीत आणि आपल्याला कळलं मार्च संपताना. तोवर इन्साकॉगकडे, म्हणजे विषाणूचे जिनोम तपासणाऱ्या देशातल्या प्रयोगशाळांच्या गटाकडे, राज्यांचे १० हजार ७८७ नमुने पोचले होते. प्रेस नोटच्या त्या एका दिवसात देशात नवे रुग्ण होते ४७ हजारांवर.

एप्रिलमध्ये माझा मामा गेला. मी सिक्वेन्सिंगच्या, म्हणजे विषाणू-जिवाणूंचा जिनोम (सगळी जनुकीय माहिती) अक्षर-अक्षर वाचण्याच्या, डेटावरच काम करते, म्हणून हे जास्त लागतं.

२०१५ मध्ये गिनीत इबोलाच्या साथीत संशोधकांनी जिनोम वाचणारी छोटी नॅनोपोअर यंत्रं विमानाच्या सामानातून नेली आणि नमुना हाती आल्यापासून दिवसभरात निकाल दिले. मग आपल्या प्रत्येक जिल्ह्यात एक यंत्र आणि तो डेटा वाचणारी दोन माणसं का नकोत?

दोडामार्गकर
ताई, मामांबद्दल वाईट वाटलं. पण मागणीशी असहमत.

२०१६ च्या सुरुवातीला आमच्याकडे, सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात, माकडताप आला. गोचीड चावून होणारा आजार, आणि ऐन काजूच्या हंगामात. बागेत गेल्याशिवाय चूल पेटत नाही आणि गेलं तर तापाची भीती. रक्ताचे नमुने पुण्याला एनआयव्हीत, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेत, जायचे. आम्ही रिपोर्टची वाट बघत बसायचो, तोवर शेजारच्या घरात कुणीतरी पडायचं. विषाणूचं जनुकीय वंशवृक्षातलं स्थान आम्हाला नको होतं. हो की नाही, एवढंच हवं होतं, आणि गोचीड चावू नये म्हणून अंगाला लावायचं तेल.

मी लॅब टेक्निशियन होतो. दोन केंद्रांचं काम एकटा बघायचो. आधी ती जागा भरा, मग यंत्र आणा.

रानजाई
जागा भरायलाच हव्यात, त्यात वाद नाही. पण काका, ‘हो की नाही’ सांगणारी पीसीआर चाचणी तुम्ही जे शोधायला सांगाल तेवढंच शोधते. नव्या आजाराला प्रायमर, म्हणजे त्या विषाणूचा जनुकीय तुकडा ओळखणारा रेणू, कुठून आणणार? जानेवारी २०२० मध्ये वुहानच्या विषाणूचा जिनोम खुला झाला, म्हणून तर जगभर काही दिवसांत चाचण्या तयार झाल्या. तुमचं ‘हो की नाही’सुद्धा कुणीतरी आधी केलेल्या सिक्वेन्सिंगवरच उभं असतं.

सातपुडा
दोघंही एक गोष्ट सोडून बोलताय. जो आधी सांगतो त्याचं काय होतं?

दक्षिण आफ्रिकेने २४ नोव्हेंबर २०२१ ला ओमिक्रॉन या कोरोनाच्या नव्या प्रकाराची माहिती दिली आणि दोन दिवसांत देशोदेशींनी त्यांची विमानं बंद केली. आमच्या नवापुरात २००६ ला बर्ड फ्लू निघाला, लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. पोल्ट्रीवाल्यांची ती वर्षं मी जवळून पाहिली आहेत. ठरलेली भरपाई वेळेत हातात पडणार नसेल तर शेतकरी मेलेली कोंबडी प्रयोगशाळेत नेणार नाही, खड्ड्यात पुरेल. नमुनाच आला नाही तर यंत्राचा उपयोग काय?

नळस्टॉप
जानेवारी २०२५, पुण्यातला सिंहगड रस्ता, जीबीएस, म्हणजे नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पाडणारा आजार. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर सापडला; जुलाब करणारा हा जिवाणू, त्याच्या संसर्गानंतर जीबीएस होऊ शकतो. पाणी उकळा हे सांगायला सिक्वेन्सिंग लागत नाही, आणि त्या आठवड्यात तेच महत्त्वाचं होतं. पण पाण्यातला जिवाणू आणि रुग्णातला जिवाणू एकच आहे का, हे त्यांचे जिनोम शेजारी ठेवल्याशिवाय खात्रीने ठरत नाही. ते ठरलं तरच दोष विहिरीचा, पाइपलाइनचा की आणखी कशाचा यावर नेमकं बोट ठेवता येतं. माझ्या सोसायटीत एक मुलगा व्हेंटिलेटरवर होता. मला ते उत्तर हवं आहे.

दोडामार्गकर
हे पटलं. पण यंत्राला लागणारी रसायनं, रिएजंट, उणे वीस अंश सेल्सिअसला ठेवावी लागतात. पावसाळ्यात आमच्याकडे दोन-दोन दिवस वीज नसते.

रानजाई
बरोबर. मग माझी मागणी बदलते: प्रत्येक जिल्ह्यात नको, सहा महसुली विभागांत एकेक केंद्र. नमुना उचलायला गाडी त्यांनी पाठवायची. आणि निकाल फक्त दिल्ली-पुण्याला न जाता ज्या प्राथमिक आरोग्य केंद्राने नमुना दिला तिथे सात दिवसांत, मराठीत, काय करायचं ते लिहून परत यायला हवा.

दोडामार्गकर
सात नाही, तीन. गोचिडीच्या हंगामात सात दिवसांत आख्खी वाडी तापाने पडते.