ई-कॅडहेरिनचे दोन क्लोन, तरी स्फेरॉइडमध्ये रंग वेगळे होत नाहीत

प्रश्न: उंदराच्या एल-सेल्सचे (प्रयोगशाळेत वाढवलेल्या फायब्रोब्लास्ट पेशी) दोन क्लोन आहेत, म्हणजे प्रत्येकी एकाच पेशीपासून वाढवलेले; एक हिरवा चमकतो, एक लाल. दोन्हींत ई-कॅडहेरिन, म्हणजे पेशींना एकमेकींना चिकटवणारं पृष्ठभागावरचं प्रथिन, आहे. हिरव्यात जास्त, लालमध्ये कमी. ०.२५% ट्रिप्सिन-ईडीटीएने (ट्रिप्सिन हे प्रथिनं कापणारं एन्झाइम) सोडवून सम प्रमाणात मिसळतो आणि २५ मायक्रोलिटरच्या हँगिंग ड्रॉपमध्ये (झाकणाला उलटा लटकवलेला थेंब) १००० पेशी ठेवतो. २४ तासांत गोळा (स्फेरॉइड) बांधला जातो, पण आतून तीळ-तांदूळच. जास्त चिकट पेशी आत जायला हव्यात, मग हिरवा गाभा का तयार होत नाही?

उत्तर १: घोळ पेशी सोडवतानाच होतोय. कॅडहेरिनच्या बाहेरच्या भागाला कॅल्शियम चिकटलेलं असेल तर ट्रिप्सिनला तो कापता येत नाही. ईडीटीए ते कॅल्शियम ओढून घेतं आणि मग दोन्ही क्लोन सारखेच बोडके. नवं कॅडहेरिन पृष्ठभागावर यायला तास लागतात, तोवर गोळा कसाबसा बांधून झालेला असतो.

त्याऐवजी ईडीटीए न घालता: ०.०१% ट्रिप्सिन, १ मिलिमोलर कॅल्शियम, ३७ अंशांवर १५-२० मिनिटं. पेशी थराथरानेच सुटतील, घाबरू नका. सोयाबीन इनहिबिटर (ट्रिप्सिनला थांबवणारं प्रथिन) घालून ट्रिप्सिन पूर्ण धुऊन काढा, आणि मगच कॅल्शियमविरहित बफरमध्ये हलक्या हाताने पिपेट करून सुट्या करा. हा क्रम उलटला की सगळं मुसळ केरात. शेवटी ४० मायक्रॉनची गाळणी. गुठळ्या राहिल्या तर त्याच एका रंगाच्या खोट्या बेटांसारख्या दिसतात.

उत्तर २: वरचं बरोबर, पण 'जास्त-कमी' कशावरून ठरवलं? वेस्टर्न ब्लॉटमध्ये (पेशी फोडून प्रथिन मोजायची पद्धत) पेशीच्या आतलंही मोजलं जातं. फ्लो सायटोमेट्रीत (एकेका पेशीची चमक मोजणारी पद्धत), न फोडलेल्या पेशींवर, कॅडहेरिनच्या बाहेरच्या भागाला चिकटणारी अँटिबॉडी वापरा. दोन क्लोनचे आलेख एकमेकांवर चढत असतील तर वेगळं होण्याची आशा सोडा. स्टाइनबर्ग आणि ताकेइची यांनी १९९४ मध्ये एकाच पी-कॅडहेरिनच्या निव्वळ प्रमाणातल्या फरकावर हेच दाखवलं: जास्तवाल्या आत. सिलेक्शनचं औषध (ज्यात फक्त कॅडहेरिनचं जनुक घातलेल्या पेशी टिकतात) काढून बरेच पॅसेज (पेशी नव्या डिशमध्ये हलवणं) झाले असतील तर पातळी आधी तपासा. आणि २४ तास कमीच. आधी छोटी बेटं होतात, ती एकमेकांत मिसळायला ४८-७२ तास द्या. रंग अदलाबदल करूनही एकदा लावा.

उत्तर ३: पेशी जगाव्यात म्हणून सवयीने वाय-२७६३२ (रॉक एन्झाइम रोखणारं रसायन) घालत असाल तर बंद करा. त्याने मायोसिनचा (पेशीला आकुंचन देणारं प्रथिन) ताण उतरतो, आणि कोण आत जाणार हे नुसत्या चिकटपणावर ठरत नाही. झेब्राफिशवरच्या २००८ च्या कामात एक्टोडर्मच्या (भ्रूणाचा बाहेरचा थर) पेशी कमी चिकट असूनही आत गेल्या, कारण त्यांच्या कॉर्टेक्सचा (पेशीच्या पडद्याखालचा आकुंचन पावणारा थर) ताण जास्त होता. त्यामुळे ट्रिप्सिन सुधारूनही गाभा लालच आला, तर लगेच अँटिबॉडीला दोष देऊ नका. दोन्ही क्लोनच्या मायोसिनचीही तुलना करा.