सिलिंडरमध्ये गॅस किती उरला, हे फोनवर कसं कळेल? (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

देशमुख काकू (बी-१०३): नमस्कार मंडळी. अमेरिकेत व्हरमाँटला मुलाच्या अंगणात प्रोपेनची मोठी टाकी आहे. ती किती टक्के भरली आहे ते त्याला फोनवर दिसतं. आपल्या १४.२ किलोच्या सिलिंडरला तसं काही लावता येईल का? माझ्याकडे एकच सिलिंडर आहे आणि तो उचलून अंदाज घेणं आता जमत नाही.

नीलेश (बी-४०२): लावता येईल काकू, पण तोच सेन्सर चालणार नाही. तिकडच्या टाकीत दांड्याला तरंगता गोळा असतो. द्रव खाली गेला की गोळा खाली जातो आणि चुंबकाच्या जोरावर वरचा काटा फिरतो. वायरलेस सेन्सर त्या तबकडीवर बसतो आणि चुंबक किती वळला ते वाचतो. ५०० गॅलनची टाकी ८० टक्केच, म्हणजे ४०० गॅलनच भरतात, कारण तापमान १० अंशांनी वाढलं की द्रव प्रोपेन जवळपास ३ टक्के फुगतो. त्यामुळे तिकडे ८० म्हणजे पूर्ण भरलेली टाकी. आपल्या सिलिंडरमध्ये ना गोळा असतो ना तबकडी.

मनीषा ताई (बी-३०४): ऑनलाइन एक रेग्युलेटर मिळतो, त्यावर हिरवा-पिवळा-लाल काटा असतो. तो घेतला तर?

साठे काका (ए-२०१): मनीषाताई, पातळी बघायची असेल तर तो घेऊ नका. तो दाब दाखवतो, गॅस किती आहे ते नाही. सिलिंडरमध्ये तळाशी द्रव आणि वर वाफ असते. द्रव १२ किलो असो की २ किलो, वाफेचा दाब ठरतो तो मुख्यतः तापमानावर आणि मिश्रणात प्रोपेन-ब्युटेन किती आहे त्यावर. म्हणून काटा जवळपास शेवटपर्यंत हिरव्यात राहतो, आणि लालात येतो तेव्हा शेगडीची ज्योत आधीच बसलेली असते. जानेवारीच्या गार सकाळी मात्र अर्ध्या भरलेल्या सिलिंडरवरही तो खाली दिसेल. खात्रीचा मार्ग एकच, वजन.

मनीषा ताई (बी-३०४): आणि तळाला चुंबकानं चिकटणारा अल्ट्रासॉनिक? मोपेका वगैरे कंपन्यांचा.

नीलेश (बी-४०२): तो खालून ध्वनिलहर सोडतो. ती द्रवाच्या पृष्ठभागावरून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून उंची काढतो. तत्त्व चोख आहे. आपल्याकडे अडचणी तीन. सेन्सर आणि पत्रा यांच्यात हवेची पोकळी राहिली की लहर आतच जात नाही, आणि आपले सिलिंडर गंजलेले, रंगाचे पोपडे सुटलेले येतात. दुसरं, अॅपनं शुद्ध प्रोपेन धरलेलं असेल तर आपल्या मिश्रणात ध्वनीचा वेग वेगळा असल्यानं आकडा सरकतो. शिवाय तळ गोलाकार आहे, त्यामुळे शेवटच्या काही सेंटीमीटरमध्ये उंची आणि किलो यांचं प्रमाण जुळत नाही, आणि आपल्याला नेमका तोच भाग कळायला हवा असतो. तिकडे एकच टाकी वर्षानुवर्षं जागेवर असते, इकडे दर महिन्याला सिलिंडर बदलतो आणि दर वेळी तो उलटा करून सेन्सर चिकटवावा लागेल.

इरफान (ए-५०३): इंडेनचा कॉम्पोझिट सिलिंडर घेतला तर सेन्सरच नको. ५ आणि १० किलोमध्ये येतो, अर्धपारदर्शक असतो, उजेडात धरला की द्रवाची रेषा दिसते. वजनालाही हलका. काकूंनी एजन्सीत एकदा विचारून बघावं.

देशमुख काकू (बी-१०३): विचारते. पण मुलाला तिकडून दिसायला हवं आहे, म्हणजे तो बुकिंग करेल.

साठे काका (ए-२०१): मग सिलिंडरखाली लोडसेलचा, म्हणजे वजन मोजणाऱ्या सेन्सरचा पाट करा. दोन पद्धती आहेत, दोन्हींचे गुणदोष सांगतो. पहिली, बाथरूमच्या वजनकाट्यात असतात तसे ५० किलोचे चार चपटे सेल, चार कोपऱ्यांत. स्वस्त आणि दणकट. पण चौघांची क्षमता २०० किलो आणि आपला भरलेला सिलिंडर ३० किलोच्या आसपास, म्हणजे पल्ल्याचा सहावा-सातवा भागच वापरला जातो आणि अचूकता कमी पडते. दुसरी, ५० किलोचा एकच अॅल्युमिनियमचा आडवा सेल, वर-खाली दोन प्लेट. हा जास्त अचूक. फक्त सिलिंडर देणारा माणूस तो वरून आदळतो, आणि एका दणक्यात हा सेल कायमचा वाकू शकतो. त्यासाठी चारही कोपऱ्यांत खालून बोल्ट लावून वरच्या प्लेटपासून साधारण १ मिलिमीटर फट ठेवायची. जास्त भार आला की प्लेट बोल्टवर टेकते, सेल वाचतो.

नीलेश (बी-४०२): काका, घरगुती वापराला मी चार सेलचीच बाजू घेईन. १ मिलिमीटरची फट राखणं प्रत्येक सुताराला जमणार नाही. आपल्याला २०० ग्रॅमपर्यंतची चूक चालते, ती म्हणजे अर्ध्या दिवसाचा गॅस.

साठे काका (ए-२०१): मान्य. मग त्या चपट्या सेलमध्ये सगळे चुकतात ती जागा सांगतो. त्याची बाहेरची चौकट टेकलेली हवी आणि मधली जीभ मोकळी लवायला हवी. तो तसाच सपाट प्लायवर चिकटवला की जीभ लवत नाही आणि आकडा हलतच नाही. चौकटीखाली ३ मिलिमीटरची कडा येईल असा खोबणीचा तुकडा लावा. थ्रीडी प्रिंट करून मिळतो, नाहीतर प्लायचे तुकडे कापून करा. पाट १२ मिलिमीटर मरीन प्लायचा, ३५ बाय ३५ सेंटीमीटर, कारण सिलिंडरचा व्यास ३२ सेंटीमीटरच्या आसपास आहे. साधा प्लाय फरशी धुताना पाणी पिऊन फुगतो.

मनीषा ताई (बी-३०४): वायरी कशा जोडायच्या? रंग प्रत्येक सेटमध्ये वेगळे येतात.

नीलेश (बी-४०२): रंगावर जाऊ नका, मल्टिमीटर लावा. प्रत्येक सेलला तीन वायरी. ज्या दोघींमध्ये साधारण २ किलोओहम येतात त्या टोकाच्या, उरलेली मधली. मधलीपासून प्रत्येक टोकाला साधारण १ किलोओहम यायला हवा, नाहीतर सेल बाद. शेजारच्या सेलची सारख्या रंगाची टोकं एकमेकांना जोडत चौकोन पूर्ण करायचा. मग चार मधल्या वायरी उरतात. समोरासमोरच्या कर्णातल्या दोन एचएक्स७११ बोर्डाच्या (सेलचा बारीक सिग्नल वाढवून आकड्यात देणारा छोटा बोर्ड) ई प्लस आणि ई मायनसला, दुसऱ्या कर्णातल्या दोन ए प्लस आणि ए मायनसला. वजन ठेवल्यावर आकडा उणे जात असेल तर ए प्लस आणि ए मायनस आपसात बदला. एका कोपऱ्यावर दाबून आकडा वाढतो आणि दुसऱ्यावर कमी होतो असं दिसलं तर चौकोनात एक सेल उलटा जोडला गेलाय.

इरफान (ए-५०३): इथे सुरक्षिततेचं सांगतो, हे कुणी वगळू नका. एलपीजी हवेच्या दीड ते दोन पट जड असतो. गळती झाली की तो जमिनीलगत साचतो, म्हणजे नेमका त्या पाटाजवळ. म्हणून खाली फक्त सेल आणि वायर. बोर्ड, बॅटरी, चार्जर यातलं काहीही ओट्याखालच्या कप्प्यात नको. १ मीटरची शील्ड असलेली चार तारांची केबल वर घ्या आणि बोर्ड-बॅटरीची डबी ओट्याच्या वर, कपाटाबाहेर लावा. खाली अॅडॉप्टर, रिले, एक्स्टेन्शन बोर्ड कधीच नाही. सिलिंडरला भोक, वेल्डिंग, गोंद काहीही करायचं नाही, तो कंपनीचा आहे. आणि हा पाट गळती ओळखत नाही. त्यासाठी वेगळा डिटेक्टर, तो जमिनीपासून साधारण ३० सेंटीमीटरवर. सी विंगला पाइपचा नैसर्गिक गॅस आहे, तो हवेपेक्षा हलका, तिथे डिटेक्टर छताजवळ लागतो. वास आला तर शेगडीची बटणं आणि रेग्युलेटर बंद, खिडक्या उघडा, कुठल्याही स्विचला हात नाही, घराबाहेर येऊन १९०६ या गॅस गळतीच्या हेल्पलाइनला फोन.

सेक्रेटरी (ए-१०१): इरफानभाई, हा मेसेज पिन करतो.

मनीषा ताई (बी-३०४): डबी वर घेतल्याचा आणखी एक फायदा. ग्रॅनाइट, स्टीलच्या ट्रॉल्या आणि सिलिंडर यांच्या मागे वायफाय मरतं. आकडा फोनपर्यंत पाठवणारा वायफायचा बोर्ड, ईएसपी३२, फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, राउटर ५ वर असेल तर तो नेटवर्क दाखवणारच नाही. सॉफ्टवेअरसाठी ईएसपीहोम हा तयार प्रोग्रॅम सोपा, त्यात एचएक्स७११ ची सोय तयार आहे.

नीलेश (बी-४०२): वाचन घ्यायची वेळही महत्त्वाची. वायफाय सुरू होताना व्होल्टेज क्षणभर खाली येतं आणि आकडा उड्या मारतो. म्हणून जागं झाल्यावर आधी एचएक्स७११ सुरू करा, अर्धा सेकंद थांबा, १५ वाचनं घ्या, चढत्या क्रमानं लावून त्यातलं मधलं ठेवा, आणि मगच वायफाय. सरासरी नको, एका चुकीच्या आकड्यानं ती बिघडते.

बॅटरीचं गणित: दर ६ तासांनी एकदा जागं होऊन ५ सेकंद काम केलं तर दिवसाला १ मिलिअँपिअर-तासही लागत नाही. खरा खर्च झोपेत होतो. साध्या डेव्हलपमेंट बोर्डवरचा यूएसबी चिप आणि रेग्युलेटर मिळून ५ मिलिअँपिअर खात असेल तर दिवसाला १२० गेले, २६०० मिलिअँपिअर-तासांची १८६५० (लिथियम सेलचा एक आकार) बॅटरी तीन आठवड्यांत संपली. कमी झोप-प्रवाहाचा बोर्ड घ्या. बॅटरी खाणारी दुसरी जागा एचएक्स७११ ची. त्याचा क्लॉक पिन हाय ठेवला तरच तो झोपतो. बोर्ड झोपताना हा पिन सुटा राहिला की एचएक्स७११ परत जागा होतो आणि चार सेलच्या जोडणीसकट ४-५ मिलिअँपिअर ओढत बसतो. झोपेतही पिन हाय धरून ठेवायला (होल्ड) विसरू नका. लोक उगाच बॅटरी बदलत राहतात.

देशमुख काकू (बी-१०३): हे नीलेशच बघेल. मला आकडा खरा आहे हे कसं कळणार?

साठे काका (ए-२०१): चांगला प्रश्न. पाट रिकामा असताना शून्य घ्यायचं, मग किराण्यातली सीलबंद १० किलोची पिठाची दोन-तीन पोती ठेवून २० आणि ३० किलोला आकडा जुळवायचा. दोन किलोच्या वजनावर जुळवलं तर तीसला चूक पंधरापट होते. नंतर एक दोष राहतोच. स्वस्त सेलवर तीस किलो महिनाभर बसून राहिलं की आकडा हळूहळू सरकतो, उन्हाळ्यात दुपारी वेगळा, पहाटे वेगळा. सिलिंडर काढल्याशिवाय शून्य तपासता येत नाही. म्हणून नियम असा की सिलिंडर बदलताना पाट दोन मिनिटं रिकामा ठेवायचा आणि शून्य नव्यानं घ्यायचं. रोजची तुलना पहाटे ५ च्या वाचनाचीच करा, तेव्हा शेगडी बंद असते आणि तापमानही रोज साधारण सारखं.

पावसाळ्यात बोर्डावर ओल धरली तरी आकडा भरकटतो. सोल्डरिंगचा चिकटा स्पिरिटनं पुसून वर वार्निशचा हात द्या. केबल जिथून आत जाते ते भोक बुजवा, झुरळं हमखास शिरतात.

इरफान (ए-५०३): नळीचा ताणही बघा. नळी आखूड आणि ताठ असेल तर ती सिलिंडर वर उचलून धरते आणि पाव किलोचा फरक पडतो. सैल वळण ठेवा, पण मूळ सुरक्षा नळीच, जोड देऊन लांब करायची नाही. चाकांचा स्टँडही काढून टाका, त्याची चाकं पाटावरून सरकतात.

मनीषा ताई (बी-३०४): रिकाम्या सिलिंडरचं वजन प्रत्येकाचं वेगळं असतं ना?

इरफान (ए-५०३): हो. वरच्या कड्याला जोडणाऱ्या उभ्या पट्टीवर ते रंगवलेलं असतं, १५ किलो आणि पुढे काही ग्रॅम. शेजारच्याच पट्टीवर ए, बी, सी, डी आणि वर्ष असतं, ती चाचणीची तिमाही. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. ती उलटून गेलेला सिलिंडर घेऊ नका. दारात वजन करून मागायचा तुम्हाला हक्क आहे.

नीलेश (बी-४०२): प्रोग्रॅममध्ये असं ठेवतो: वाचन एकदम ५ किलोपेक्षा जास्त वाढलं तर नवा सिलिंडर आला असं धरून फोनवर पट्टीचा आकडा विचारायचा. १० किलोच्या खालचं वाचन सोडून द्यायचं, तेव्हा पाट रिकामा असतो. रेग्युलेटर आणि नळीचा भार लावण्याआधी आणि नंतरच्या फरकावरून एकदाच मोजून वजा करायचा. आणि सूचना किलोवर नको, दिवसांवर. मागच्या सात दिवसांचा सरासरी खप काढून उरलेले दिवस. फराळाच्या आठवड्यात खप वाढला की सूचना आपोआप लवकर येते. दोन सिलिंडर असलेल्यांनी तर पहिला संपून दुसरा लावला त्याच दिवशी बुकिंग करावं.

साठे काका (ए-२०१): शून्य दिवस उरेपर्यंत थांबू नका. तळाचा शेवटचा थोडा गॅस थंडीत नीट निघत नाही. तो काढायला सिलिंडर आडवा करणं, गरम पाण्यात ठेवणं अजिबात नको. आडवा केला तर नळीत वाफेऐवजी द्रव जातो.

नीलेश (बी-४०२): काकूंच्या सिलिंडरचं रेग्युलेटर काढून, टोपी लावून आत्ता वजन केलं: २३.६ किलो. पट्टीवर १५.६. म्हणजे गॅस ८ किलो. काकूंचा खप रोज ४०० ग्रॅम धरला तर २० दिवस. डिलिव्हरीला ४ आणि वर ३ हाताशी, असे ७ दिवस, म्हणजे २.८ किलोला मुलाच्या फोनवर सूचना. आजपासून तेरा दिवसांनी. तोवर पाट तयार होतो.

देशमुख काकू (बी-१०३): तेरा दिवसांनी संकष्टी आहे, लक्षात राहील. प्लाय मी आजच सांगते.