कडी लावली की घर का हलतं?

बिनकडीची:
वय ३२, स्वतःची कमाई, आईबाबांसोबत राहते. वेगळं व्हायचं नाहीये. दोघांचं वय झालंय, आणि खरं सांगायचं तर मला त्यांच्यात राहायला आवडतं. पण आईचं टकटक करणं आणि दार ढकलणं एकाच क्षणी होतं. दोन आठवड्यांपूर्वी धुतलेले कपडे ठेवायला तिने माझं कपाट उघडलं. आत डॉक्टरांची फाइल होती, झोपेच्या तक्रारीची. विचारलं असतं तर सांगितलं असतं. संध्याकाळी मावशीचा फोन, "अगं, गोळ्यांची सवय लावून घेऊ नकोस हं." त्या रात्री मी कडी लावली. सकाळपासून घरात अबोला. सज्ञान मुलांच्या खोलीत, कपाटात विचारल्याशिवाय जाऊ नये, एवढंच माझं म्हणणं. चुकतंय का?

घरकोंबडा:
हो, चुकतंय. कपडे धुऊन, घडी घालून मिळालेले चालतात आणि कपाट उघडलेलं चालत नाही? घडी घालणारा हात कपाटाशी येऊन थांबेल कसा? आपले कपडे आपण उचला, निम्मं भांडण तिथेच मिटेल.

बिनकडीची:
टोला बरोबर बसला. आता माझे मीच उचलते. पण फाइलमधली गोष्ट मावशीपर्यंत कपड्यांनी नाही नेली.

कलमबहाद्दर:
मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा, १९४८, कलम १२. खासगी आयुष्यात मनमानी ढवळाढवळ नको, असं स्पष्ट लिहिलंय. पत्रव्यवहारसुद्धा त्यात येतो. विषय संपला.

घरकोंबडा:
त्याच कलमात 'कुटुंब' आणि 'घर' हेही शब्द आहेत, साहेब. आणि आईला कलम वाचून दाखवणार असाल तर अबोला महिनाभर चालेल, हे माझ्याकडून लिहून घ्या.

तिसरा डोळा:
दोघंही दारावरच अडकलात. अर्विन ऑल्टमन या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये मांडलं होतं की खासगीपणा म्हणजे एकटं राहणं नव्हे. कुणाला, कधी, किती आत येऊ द्यायचं हे आपल्या हातात असणं. कायम बंद दारही त्यात बसत नाही. संवादाच्या अभ्यासक सँड्रा पेट्रोनिओ यांची मांडणी तर इथे नेमकी लागू पडते. आपली गोष्ट दुसऱ्याला कळली की तोही तिचा मालक होतो, मग ती पुढे कुणाला सांगायची याचे नियम दोघांनी मिळून ठरवावे लागतात. इथे आईला ती कुणी सांगितलीच नाही, सापडली. नियम ठरणार कधी? मला विचाराल तर कडी मावशीच्या फोनला हवी होती, खोलीला नाही.

साठी ओलांडलेली:
मी पलीकडच्या बाजूची. मुलगा ३४ चा, घरून काम करतो. बाहेरची खोली दिवसभर त्याच्या मीटिंगांना. आम्ही दोघं टीव्हीचा आवाज बंद करून खालची अक्षरं वाचत बसतो. मैत्रिणीचा फोन आला की मी गॅलरीत जाते, उन्हातसुद्धा. आमची कडी कुठे लावायची तेवढं सांगा. आणि दार ढकलण्याचं म्हणाल तर, तापात फणफणलेल्या पोराला रात्री तीनतीनदा उठून बघायचे ते हात आहेत. ही सवय त्याच्या कितव्या वाढदिवसाला सोडायची हे मला कुणी सांगितलं नाही.

कलमबहाद्दर:
काकू, तुम्हीही मुलाला तसं स्पष्ट सांगा ना.

साठी ओलांडलेली:
सांगितलं असतं हो. घराचा हप्ता तो भरतो.

बिनकडीची:
काकूंचं वाचून दोन दिवस काही लिहिलंच नाही. काल आईशी बोलले, दाराचा विषय काढला नाही, फक्त मावशीचा काढला. म्हणाली, "मी घाबरले होते गं. तुला विचारायची हिंमत नव्हती, कुणाशी तरी बोलायला हवं होतं." यावर मला काही सुचलं नाही. राग अजून आहे, पण पहिल्यासारखा सरळ नाही राहिला.
कडी लावतेच, रात्री दहानंतर. काल रात्री तिने टकटक केली आणि चक्क थांबली. मी कॉलवर होते, "ये" म्हणायला मिनिटभर उशीर झाला. दार उघडलं तर ती निघून गेली होती.

घरकोंबडा:
मग तुम्ही जायचं होतं तिच्या खोलीत. टकटक करून, अर्थात.