अनुभव धागा: प्रिंटर चालू, वायफाय चालू, तरी ‘ऑफलाइन’

अनघा_तळेगाव
काल रात्री भाचीचा फोन आला. सकाळी कॉलेजात अर्ज द्यायचाय, प्रिंटरचा हिरवा दिवा लागलाय आणि लॅपटॉप म्हणतोय ऑफलाइन. रडवेली झाली होती पोरगी. तिच्याशी बोलताना मला २०२० चा जून आठवला. शाळा ऑनलाइन, लेकीच्या वर्कशीट व्हॉट्सॲपवर, झेरॉक्सची दुकानं बंद, म्हणून घरी प्रिंटर घेतला. छान चालला, आणि एका दुपारी लाइट जाऊन आल्यावर लॅपटॉपला दिसेनासा झाला.

माझे बाबा टेलिफोन खात्यातून निवृत्त. त्यांनी प्रिंटरच्याच बटणांवरून नेटवर्कची माहिती असलेलं पान छापून घेतलं. त्यावर आयपी, म्हणजे घरच्या नेटवर्कवरचा प्रिंटरचा पत्ता, होता १९२.१६८.१.७. लॅपटॉपमध्ये प्रिंटर प्रॉपर्टीज, पोर्ट्स, तिथे मात्र १९२.१६८.१.४. लाइट आल्यावर राउटरने सगळ्यांना नव्याने पत्ते वाटले होते आणि लॅपटॉप जुन्याच घराची बेल वाजवत बसला होता. बाबांनी राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रिंटरच्या मॅक क्रमांकाला (यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) एक आयपी कायमचा बांधून दिला, आणि लॅपटॉपवर त्याच आयपीचं नवं टीसीपी/आयपी पोर्ट (प्रिंट पाठवायची वाट) केलं. त्यानंतर लाइट कितीदा गेली, प्रिंटर जागचा हलला नाही.

बाबा आता नाहीत. तो आयपी त्यांच्या अक्षरात प्रिंटरच्या झाकणाला आतून चिकटवलेला आहे. भाचीचंही काल तेच निघालं, फोनवरच सुटलं. तुमचेही अनुभव लिहा. ऐन वेळी प्रिंट न निघाल्याने माणूस किती हतबल होतो ते मी पाहिलंय.

काळीमाती
बाबांना नमस्कार _/\_
परभणीत पावसाळ्यात लाइटचा भरवसा नाही. आम्ही राउटरला छोटा यूपीएस लावलाय. राउटर बंदच पडत नाही, मग पत्तेही बदलत नाहीत.

चिंच_गूळ
कुकर लावलाय, तीन शिट्ट्या होईतो लिहिते. नवीन फायबरचं कनेक्शन घेतलं. मुलगा डबा लावून गेला आणि प्रिंटर मुका. नेट सुसाट, टीव्ही चालतोय, प्रिंटर नाही. दिराने सांगितलं, वहिनी, नव्या डब्याला जुन्याच वायफायचं नाव द्या, पासवर्डही तोच, कॅपिटल-स्मॉलसकट. दिलं. प्रिंटर आपणहून जोडला गेला, कॅमेरा पण, मुलाचा टॅब पण. कुठेही परत पासवर्ड टाकावा लागला नाही. झाली शिट्टी, पळते

वडगावकर७२
@चिंच_गूळ, त्यात एक पुरवणी. घरगुती प्रिंटर बरेचदा फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वायफाय पट्ट्यावर चालतात. नवा राउटर नुसता ५ वर ठेवला असेल तर प्रिंटरला ते नाव यादीत दिसणारच नाही, मग कितीही शोधा. राउटरमध्ये २.४ चालू आहे ना ते आधी बघायचं. लॅपटॉप ५ वर आणि प्रिंटर २.४ वर असला तरी चालतं, राउटर एकच हवा.

राऊत_सर
जि. प. शाळेत आहे. मार्च महिना म्हणजे निकालपत्रकं. एक पान अडकलं की मागची सगळी रांगेत उभी, कॅन्सल केलं तर नुसतं ‘डिलीटिंग’ दाखवत राहतं, आणि काँप्युटर प्रिंटरला ओळख देत नाही. माझा उपाय ठरलेला. सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारा विंडोजचा प्रोग्रॅम) थांबवायचा. मग सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टिम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरमधल्या फाइली उडवायच्या. फोल्डर उडवायचं नाही, फक्त आतल्या फाइली. स्पूलर परत चालू करायचा. तालुक्यातले सहकारी यासाठी मला रात्रीसुद्धा फोन करतात आणि मी प्रत्येकाला सांगतो, कारण निकाल थांबला की पोरांचा दाखला थांबतो.

मेथीची_जुडी
सर तुमच्यासारखे शिक्षक हवेत. माझ्या आईची शाळा पण जि. प., मंगळवेढ्याजवळ.

राऊत_सर
अरे वा ताई, मी सांगोल्याचा! शेजारीच.

मेथीची_जुडी
मग ज्वारी तुमच्याकडची की आमच्याकडची चांगली यावर वेगळा धागा काढू 😀

हडपसर_नाइटशिफ्ट
ऑफिसच्या लॅपटॉपवरून घरच्या प्रिंटरवर प्रिंट जात नव्हती, बायकोच्या लॅपटॉपवरून जात होती. ड्रायव्हर दोनदा टाकून झाला. कारण निघालं व्हीपीएन, ऑफिसच्या नेटवर्कला सुरक्षित जोडणारी सोय. तो चालू असला की आमच्या लॅपटॉपचं सगळं दळणवळण ऑफिसकडे वळतं, घरातलं नेटवर्क दिसतच नाही. आता व्हीपीएन बंद करून प्रिंट काढतो, परत जोडतो. ज्यांच्याकडे तो बंद करायची परवानगी नाही त्यांनी यूएसबी केबल लावावी, तिला व्हीपीएनशी देणंघेणं नाही.

सुपारी_फूल
दसऱ्याला सासूबाई सगळ्या यंत्रांना हळदकुंकू लावतात, शिलाई मशीन, मिक्सर, प्रिंटर. गेल्या वर्षी झेंडूची पाकळी ट्रेमधून आत गेली. पेपर जॅम, पेपर जॅम. मागचं झाकण उघडून टॉर्च मारला तर रोलरला केशरी पाकळी चिकटलेली. चिमट्याने ओढली आणि चालू. कनेक्शनचा विषय नाही माहितीये पण सांगावंसं वाटलं.

अनघा_तळेगाव
@सुपारी_फूल, जरूर सांगा, सगळं चालेल इथे 🌼

राइनकाठ
जर्मनीहून. ओसीआयचा (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड) अर्ज छापायचा होता, अपॉइंटमेंट दुसऱ्या दिवशी, आणि लॅपटॉपला प्रिंटर सापडेना. दोघांनाही इंटरनेट मिळत होतं हे विशेष. घरमालकाने आम्हाला गेस्ट नेटवर्कचा पासवर्ड दिला होता. गेस्ट नेटवर्कमध्ये उपकरणं एकमेकांना दिसू नयेत अशी सोय केलेली असते, पाहुण्यांपासून घरच्यांना संरक्षण म्हणून. नेट मिळतं, शेजारचा प्रिंटर मिळत नाही. त्या रात्री वायफाय डायरेक्टने काम झालं. वायफायच्या यादीत ‘डायरेक्ट’ने सुरू होणारं प्रिंटरचं नाव दिसतं, त्याला थेट जोडायचं. तेवढा वेळ लॅपटॉपचं नेट जाऊ शकतं, म्हणून पीडीएफ आधी उतरवून ठेवा.

चहा_अर्धा
हे गेस्ट नेटवर्कचं आजच कळलं. आमच्या सोसायटीच्या अभ्यासिकेत असंच होतंय बहुतेक. रविवारी बघतो.

डीटीपी_मिरज
माझं डीटीपीचं दुकान. एका काँप्युटरला प्रिंटर, बाकीचे शेअरिंगने. सप्टेंबर २०२१ च्या विंडोज अपडेटनंतर बाकीच्या मशीनवर शेवटी ११बी असलेला एरर यायला लागला. ऐन गणपतीत, मंडळांच्या पावत्या आणि पत्रिका छापायच्या. त्या वर्षी प्रिंट स्पूलरमध्ये प्रिंटनाइटमेअर नावाची मोठी त्रुटी सापडली होती, त्याच सुमारास छपाईची सुरक्षा कडक झाली आणि शेअरिंग तुटलं. अपडेट काढून टाका म्हणणारे खूप भेटले. मी काढलं नाही, दुकानात लोकांची आधार कार्डं, सातबारे येतात, सुरक्षा सोडून कसं चालेल? प्रिंटरला लॅन केबल लावून राउटरला जोडला आणि प्रत्येक मशीनवर त्याच्या आयपीने वेगळा टाकला. शेअरिंगची भानगडच संपली. कोणताही एक काँप्युटर बंद असला तरी प्रिंट निघते.

मेथीची_जुडी
डीटीपीवाले दादा, एक विचारू? पीडीएफमधली मराठी स्क्रीनवर नीट, कागदावर जोडाक्षरं फुटतात. ‘क्ष’चे तुकडे.

डीटीपी_मिरज
ताई, ॲक्रोबॅट रीडरमध्ये प्रिंटच्या खिडकीत ॲडव्हान्स्ड दाबा, ‘प्रिंट ॲज इमेज’वर टिक करा. पान चित्र म्हणून जातं, अक्षर फुटत नाही. थोडा वेळ जास्त लागतो.

मेथीची_जुडी
निघालं!!! देव भलं करो. आजेसासूबाईंची स्तोत्रं मोठ्या अक्षरात काढून देणार होते, अडलं होतं.

मुक्त_टक्स
लिनक्सवाल्यांसाठी. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट:६३१ उघडा, कप्स (लिनक्सची छपाई सांभाळणारी यंत्रणा) समोर येईल, सगळे प्रिंटर आणि अडकलेली कामं तिथून सांभाळता येतात. ड्रायव्हर शोधायच्या आधी प्रिंटर आयपीपी एव्हरीव्हेअर किंवा एअरप्रिंट या छपाईच्या मानकांवर चालणारा आहे का बघा, असेल तर वेगळा ड्रायव्हर लागतच नाही. आणि ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: मुक्त सॉफ्टवेअरची (ज्याचा कोड कुणालाही बघता, बदलता येतो) चळवळ उभी राहण्यामागे एक प्रिंटर आहे. एमआयटीच्या प्रयोगशाळेतला लेझर प्रिंटर अडकायचा, तिथले प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांना त्याचा प्रोग्रॅम दुरुस्त करायचा होता आणि सोर्स कोड (प्रोग्रॅमचा मूळ मजकूर) द्यायला नकार मिळाला. १९८३ मध्ये त्यांनी ग्नू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला. मी लिनक्सकडे वळलो तो हे वाचून.

वडगावकर७२
ही गोष्ट लेकाला वाचून दाखवली. तो आता विचारतोय, सोर्स कोड म्हणजे काय. रात्र गेली आमची.

पानतावणे_नव्हे
मदत हवीये, आत्ता. प्रिंटरने छापलेल्या नेटवर्कच्या पानावर आयपी १६९.२५४ ने सुरू होतोय. राउटर बंद-चालू केला. मुलाचा विज्ञान प्रकल्प उद्या.

वडगावकर७२
१६९.२५४ म्हणजे राउटरने पत्ता दिलाच नाही, प्रिंटरने स्वतःच एक घेतला. प्रिंटर जुना आहे का? राउटर नवा?

पानतावणे_नव्हे
प्रिंटर २०१४ चा. राउटर गेल्या महिन्यात बदलला.

वडगावकर७२
राउटरच्या वायफाय सिक्युरिटीत डब्ल्यूपीए३ (वायफाय सुरक्षेची नवी पद्धत) आहे का बघा. जुन्या प्रिंटरला ते येत नाही. डब्ल्यूपीए२ किंवा दोन्ही मिळून असलेला पर्याय निवडा, मग प्रिंटरवर पासवर्ड परत टाका.

चिंच_गूळ
आले परत. झालं का हो त्यांचं?

पानतावणे_नव्हे
झालं! आता १९२.१६८ आलाय, पहिलं पान बाहेर पडलं. वडगावकर काका खूप खूप आभार. आता पिवळी शाई संपत आलीये, आणि प्रकल्प सूर्यमालेवर आहे.

सुपारी_फूल
पानं काळ्यात काढा आणि सूर्य मुलाला खडूने रंगवू द्या, बाईंना आवडतं ते. माझ्या लेकाने गुरू तसाच केला होता, पट्ट्यांसकट.