रेग्युलेटर नक्की कशाला म्हणायचं? गॅसचा, पंख्याचा की आरबीआय?

धागाकर्ता: घरात रेग्युलेटर म्हटलं की गॅसचा नाहीतर पंख्याचा, आणि बातम्या लावल्या की आरबीआय, सेबी (शेअर बाजारावर लक्ष ठेवणारी), महारेरा (बिल्डरांवर लक्ष ठेवणारी). माझ्या मते सगळ्यांचं काम एकच, गडबड व्हायच्या आधी आवर घालणं. सिलेंडरमधला दाब थंडीत वेगळा, उन्हाळ्यात वेगळा, तरी शेगडीकडे तो साधारण 30 ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर एवढाच जातो, कारण आत रबरी पडदा आणि स्प्रिंग असते, दाब वाढला की पडदा उचलला जातो आणि गॅसची वाट आपोआप अरुंद होते, कुणी सांगावं लागत नाही. आणि पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेत? सप्टेंबर 2019 मध्ये आरबीआयने एका रात्रीत खातेदारांना सांगितलं की सहा महिन्यांत फक्त 1000 रुपये काढा. याला आवर घालणं म्हणत नाहीत, नुकसान झाल्यावर दार लावणं म्हणतात.

प्रतिसाद १: अजिबात पटलं नाही. दाब खोटं बोलत नाही हो, माणसं बोलतात. पीएमसीत हजारो बनावट खाती दाखवून एका बिल्डरची बुडीत कर्जं लपवली असा आरोप आहे. पुढ्यात आलेले कागदच खोटे असतील तर आरबीआय मोजणार काय? आणि ती मर्यादा नसती तर पुढच्या रांगेतल्यांनी पैसे नेले असते, मागचे हात हलवत बसले असते. नंतर टप्प्याटप्प्याने वाढवलीच ना?

प्रतिसाद २ (वायरमन आहे): पंख्याचा तो रेग्युलेटर नाहीच मुळात. लाइटचा दाब (व्होल्टेज) कमीजास्त झाला की पंखाही हळू-जोरात होतो, तो काही सांभाळून घेत नाही, आपण बटण फिरवू तेवढंच. खरं त्या अर्थाचं काम स्टॅबिलायझर करतो. आणि जुना मोठा चौकोनी डबा कुणाकडे असेल तर बदला राव, स्पीड कमी केला की उरलेली वीज त्यात उष्णता होऊन जाते, हात लावून बघा.

प्रतिसाद ३: बायोलॉजीतही असा रेग्युलेटर आहे. ई. कोलाय जिवाणूत लॅक्टोज (दुधातली साखर) नसलं की एक प्रोटीन डीएनएवर बसून ते पचवणारी एन्झाइम्स बनूच देत नाही, लॅक्टोज आलं की सुटतं. जेकब आणि मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी 1961 मध्ये मांडलं. वायरमनदादांचा मुद्दा बरोबर, रेग्युलेटरला स्वतःला कळलं पाहिजे.

धागाकर्ता: मग माझंच म्हणणं आलं की! सेबी 1988 मध्ये स्थापन केली आणि कायद्याने अधिकार दिले 1992 मध्ये. चार वर्षं बिनस्प्रिंगचा रेग्युलेटर, आणि हर्षद मेहताचा शेअर घोटाळा बराचसा त्याच काळात शिजला, फुटला एप्रिल 1992 मध्ये.

प्रतिसाद १: मग तो दोष अधिकार न देणाऱ्या सरकारचा, सेबीचा कसा? पीएमसीचं खापर आरबीआयवर फोडताना हा फरक का नाही केलात?