एकच मालक म्हणे!

कोथरूडची कमल
काल इथे 'हिंजवडीग्रस्त' दादांनी लिहिलं: "पुण्याच्या मेट्रोला मालक फार. महामेट्रो, पीएमआरडीए (प्रदेश विकास प्राधिकरण), पीएमपी (शहर बस) सगळं एका कंपनीत घाला, विषय संपला." रात्री झोप लागेना, म्हणून हे लांबण.

दादा, पीएमटी आणि पीसीएमटी या पुण्याच्या आणि पिंपरी-चिंचवडच्या बससेवा २००७ मध्ये एकत्र करूनच पीएमपी झाली होती. तेव्हाही विषय संपणारच होता! वनाझ-रामवाडी आणि पिंपरी-स्वारगेट महामेट्रोची, हिंजवडी-शिवाजीनगर पीएमआरडीएची, तीही ३५ वर्षांच्या खासगी करारावर. तो करार तुमची नवी कंपनी फाडणार का?

गेल्या आठवड्यात सत्तरीच्या सासूबाईंना घेऊन एका स्टेशनवर उतरले. सरकता जिना झकास. खाली फुटपाथवर विजेचा डीपी, त्याला टेकून रसवंती, बसथांबा दोनशे पावलं मागे, आणि बस डोळ्यांदेखत गेली. त्या दोनशे पावलांना वाली कोण, एवढं सांगा.

हिंजवडीग्रस्त
ताई, वाली हवा हेच तर मी म्हणतोय! विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० मध्ये पाडला. तो बांधताना मेट्रोचा विचार कुणी केला असता तर?

ढोलवाला
विचार? २०२१ मध्ये लकडी पुलावरच्या मेट्रोच्या उंचीमुळे विसर्जनाचे रथ अडतील असं गणेश मंडळं बोलली, तर आम्हालाच वेड्यात काढलंत.

हिंजवडीग्रस्त
झालं. गणपती आले.

पेठकर
रथ बुटका करा की. कळस काढता-घालता येईल असा करा.

ढोलवाला
कधी रथ ओढलाय? मी बावीस वर्षं ओढतोय. वर तारा, खाली खड्डे, पुढे पोलिसांची शिट्टी. तिथे कळस उतरवत बसू?

पेठकर
अनंत चतुर्दशीला आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरतात, त्याचं काय? त्या डीजेच्या भिंती अडकल्या तर मेट्रोला मी स्वतः नारळ वाढवीन.

ढोलवाला
डीजे आणि ढोल यातला फरक कळत नसेल तर पेठेत राहता कशाला?

पेठकर
तीन पिढ्या राहतोय. तुम्ही मिरवणुकीपुरते येता.

कोथरूडची कमल
अहो, बसथांबा!

चेन्नईवासी
इथे मेट्रो, बस, लोकल तिघांचे मालक वेगळेच. वर तिघांचा मेळ घालणारं 'कुम्टा' नावाचं प्राधिकरण. २०२५ पासून एकाच ॲपवर तिन्हींचं तिकीट निघतं.

हिंजवडीग्रस्त
'पुम्टा' आपल्याकडेही आहे. बैठकांच्या बातम्या वाचतो.

चेन्नईवासी
मग त्यालाच अधिकार आणि पैसे द्या. नवी कंपनी काढली की आधी खुर्च्या येतात, बस नंतर.

हिंजवडीग्रस्त
बरं बाई, राहू देत चार मालक. पण बसचं वेळापत्रक आणि स्टेशनखालचा फुटपाथ, दोन्हींवर सही एकाचीच हवी. एवढं तरी माझं चालू द्या.

कोथरूडची कमल
काल एक कंपनी, आज एक सही. परवापर्यंत माझ्याच मतावर याल.

ढोलवाला
ती सही करणाऱ्याला रथाची उंची आधी विचारून ठेवा.